चौसष्ट दिवसांची पोकळी : केंब्रिजच्या नवजात कक्षातील एमआरएसएचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या आणि जन्मतःच आजारी असलेल्या बाळांसाठी विशेष काळजी कक्ष आहे. २०११ साली सहा महिन्यांच्या अवधीत या कक्षातील १२ बाळांच्या अंगावर एमआरएसए आढळला. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या जातकुळीतील प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. 'अंगावर आढळला' हे शब्द जपून वापरले आहेत. नाकातून किंवा जांघेतून घेतलेल्या स्वॅबवर जंतू वाढला म्हणजे त्या व्यक्तीला संसर्ग झालाच असे नाही. ती व्यक्ती त्या जंतूची वाहक आहे, एवढेच त्यावरून कळते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा साधा, औषधांना दाद देणारा प्रकार सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात मुक्काम करून असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मात्र हजार-बाराशे ग्रॅम वजनाच्या बाळाची त्वचा कागदासारखी पातळ असते, नाळेतून किंवा शिरेतून नळी घातलेली असते, आणि त्याची प्रतिकारशक्ती अजून आकार घेत असते. अशा बाळाच्या बाबतीत त्वचेवरचा जंतू रक्तात उतरायला फारसे निमित्त लागत नाही. म्हणूनच कोणी गंभीर आजारी पडण्याची वाट न पाहता केवळ वाहकांच्या संख्येवरून संसर्ग नियंत्रण पथक कामाला लागले.

रुग्णालय, केंब्रिज विद्यापीठ आणि जवळच असलेली सँगर इन्स्टिट्यूट ही जिनोम संशोधन संस्था यांतील संशोधकांनी हे प्रकरण नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. शॅरन पीकॉक, ज्युलियन पार्कहिल आणि सायमन हॅरिस हे त्यांतले प्रमुख. रुग्णालयातील जंतूंचे जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यांच्या संपूर्ण जनुकीय मजकुराचे अक्षर न्‌ अक्षर वाचन, त्याआधीही झाले होते. परंतु बव्हंशी साथ ओसरून गेल्यावर, तिचा इतिहास लिहिण्यासाठी. या प्रकरणाच्या अखेरच्या टप्प्यात सिक्वेन्सिंगचा निकाल हाती आल्यावर माणसांनी काय करायचे ते ठरले, आणि म्हणून ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

समस्या

बारा हा आकडा चिंतेचा होता, पण खरी अडचण आकड्याची नव्हती. ही बाळे एकाच वेळी कक्षात नव्हती. काही काळ एकमेकांशेजारी होती, काही एकमेकांना कधीच भेटली नव्हती, आणि मधे असे दिवस जात होते की कक्षात एकही ज्ञात वाहक नसे. साथ म्हणायची तर ती एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाणारी साखळी असायला हवी, आणि इथे साखळीच्या कड्या मधेच निसटत होत्या. एकूण पुराव्यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढता येत होते. एक, बाहेरून वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे एमआरएसए आत आले आणि हा योगायोग आहे. दोन, एकच जंतू महिनोन्महिने कक्षात टिकून आहे आणि तो मधल्या काळात कुठे दडतो ते आपल्याला दिसत नाही.

पथकाच्या हाती पुरावा होता तो दोन प्रकारचा : कोणते बाळ कोणत्या तारखांना कुठे होते याच्या नोंदी, आणि अँटिबायोग्राम, म्हणजे तो जंतू कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो व कोणत्याला नाही याचा तक्ता. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की अँटिबायोग्राम हा वर्णनासारखा असतो, ओळखपत्रासारखा नसतो. 'उंच, सावळा, चष्मा लावणारा' या वर्णनाची माणसे बाजारात शेकड्याने सापडतात. आणि शोधायच्या माणसाने चष्मा काढून ठेवला तर तोच सुटून जातो. जंतूंचेही तसेच आहे. सारखा अँटिबायोग्राम असलेले दोन जंतू एकमेकांशी काही नाते नसलेले असू शकतात, आणि प्रतिरोधाचे जनुक वाहणारा एखादा प्लास्मिड (मुख्य जिनोमपासून सुटे असलेले डीएनएचे छोटे कडे) गळून पडला किंवा नव्याने मिळाला तर सख्ख्या भावंडांचे तक्ते वेगळे दिसू शकतात. नेहमीच्या पद्धतींनी विचार करता साथ असल्याचा संशय दाट होता, पण दीर्घकाळ टिकलेली एकच साथ आहे असे ठामपणे म्हणता येत नव्हते.

समोर असलेले पर्याय

सर्वांत स्वस्त मार्ग हा होता की बारा प्रसंग सुटे मानावेत, हात धुण्याची शिस्त कडक करावी, वाहक बाळांना वेगळे ठेवावे आणि पुढे पाहावे. यात वावगे काही नव्हते आणि ही कामे कोणत्याही परिस्थितीत करायचीच होती. पण एकच स्रोत कुठेतरी दडून बसला असेल, तर या मार्गाने तो तसाच राहतो.

दुसरे टोक म्हणजे कक्ष रिकामा करून कसून सफाई करणे. वाचायला हे सरळ वाटते. प्रत्यक्षात नवजात कक्ष बंद करणे म्हणजे काचेच्या पेटीतल्या बाळांना गाडीत घालून दुसऱ्या गावी पाठवणे आणि पुढच्या आठवड्यात येऊ घातलेल्या जोखमीच्या बाळंतपणांनाही दारातून परत फिरवणे. इतकी किंमत मोजायची तर निदान साथ आहे याची खात्री तरी हवी.

टायपिंगच्या रूढ पद्धती हा तिसरा पर्याय होता. त्यांत एखाद्या जनुकाचा तुकडा, किंवा ठरावीक सात जनुके, किंवा डीएनएच्या तुकड्यांचे जेलवरचे पट्टे पाहून जंतूची जात ठरवतात. ब्रिटनमध्ये या पद्धतींची गोची अशी होती की तिथल्या रुग्णालयांतील एमआरएसएचा फार मोठा वाटा एसटी २२ या एकाच वंशाचा होता. गावात निम्म्या लोकांचे आडनाव पाटील असेल तर 'चोर पाटील आडनावाचा आहे' या माहितीने पोलिसांचे काम पुढे सरकत नाही.

सरसकट सर्व कर्मचाऱ्यांची तपासणी करणे हा चौथा पर्याय, आणि संसर्ग नियंत्रणाच्या कामात सर्वांत अवघड. कर्मचाऱ्याच्या नाकात एमआरएसए सापडला तरी तो साथीतलाच आहे हे नेहमीच्या पद्धतींनी सिद्ध होत नाही. आरोप मात्र त्या क्षणी चिकटतो. शिवाय कामाची पाळी संपताना घेतलेल्या स्वॅबमध्ये दिवसभर हाताळलेल्या रुग्णाचा जंतू तात्पुरता सापडू शकतो आणि दुसऱ्या दिवशी तो नसतो. ज्या कक्षाचा सगळा डोलारा परिचारिकांच्या विश्वासावर उभा आहे तिथे अर्धवट पुराव्याच्या आधारे अशी मोहीम काढणे शहाणपणाचे नव्हते. पथकाने या टप्प्यावर ती काढली नाही, आणि माझ्या मते तो निर्णय बरोबर होता.

उरला तो संपूर्ण जिनोम वाचण्याचा पर्याय. २०११ च्या सुमारास टेबलावर मावणारी सिक्वेन्सिंग यंत्रे नुकतीच बाजारात येत होती आणि जे काम पूर्वी महिने घेई ते दिवसांत होण्याच्या आवाक्यात आले होते. या पर्यायाला एक पूर्वअट होती, जिचा उल्लेख अशा लेखनात फारसा होत नाही : त्या बाळांच्या स्वॅबवरून वाढवलेले जंतू जपून ठेवलेले असायला हवेत. अहवाल गेल्यावर जंतू वाढवलेल्या प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकून मोकळे होणाऱ्या प्रयोगशाळेला हा पर्याय उपलब्धच नसतो. केंब्रिजमध्ये जंतू राखून ठेवलेले होते.

केलेली कार्यवाही : पहिला टप्पा

कक्षातील सर्व वाहक बाळांच्या जंतूंचे सिक्वेन्सिंग करण्यात आले. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा जिनोम सुमारे अठ्ठावीस लाख अक्षरांचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना त्यात अधूनमधून एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या वंशजांत उतरते. अशा चुका वर्षाकाठी मोजक्याच साठतात. त्यामुळे दोन रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंत अठ्ठावीस लाखांपैकी चार-दोनच अक्षरे वेगळी असतील तर त्यांचा समान पूर्वज फार जुना नाही असे समजावे. शेकडो अक्षरे वेगळी असतील तर ते दोघे एकाच आडनावाचे असले तरी भाऊबंद नाहीत. या फरकांवरून वंशवृक्ष काढतात आणि तो रुग्णांच्या तारखांशी ताडून पाहतात.

वृक्षाने पहिला प्रश्न सोडवला. कक्षात एकच साथ चालू होती. त्या जंतूचा प्रकार नवा निघाला आणि त्याला एसटी २३७१ असा क्रमांक मिळाला. तो एसटी २२ चा जवळचा नातलग होता, पण त्याच्यात पँटन-व्हॅलेंटाइन ल्यूकोसायडिन या विषाची जनुके होती. हे विष पांढऱ्या पेशी फोडते. ज्या एमआरएसएमध्ये ते असते तो एरवी धडधाकट असलेल्या तरुण माणसांना गळवे आणणारा, रुग्णालयाबाहेर फिरणारा प्रकार म्हणून ओळखला जातो. रुग्णालयी वंशाचा जंतू आणि बाहेरच्या जंतूचे हत्यार, असे हे मिश्रण होते.

पुढचा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो घ्यायलाच हवा असे कोणी म्हणत नव्हते. प्रश्न नवजात कक्षाचा होता आणि कक्षापुरते उत्तर मिळाले होते. तरीही पथकाने प्रयोगशाळेच्या नोंदींत त्याच अँटिबायोग्रामचे इतर एमआरएसए शोधले. त्यांत रुग्णालयाच्या अन्य विभागांतील रुग्ण होते आणि फॅमिली डॉक्टरांनी बाहेरून पाठवलेले नमुनेही होते. त्या जंतूंचेही सिक्वेन्सिंग झाले. परस्परसंबंधित वाहकांची एकूण संख्या २६ झाली, म्हणजे सुरुवातीच्या संशयितांच्या दुपटीहून अधिक. प्रसार नवजात कक्षात झाला होता, बाळंतिणींच्या वॉर्डात आयांमध्ये झाला होता, आणि पुढे घराघरांतही पोहोचला होता. कक्षातील काही बाळांचे एरवी निरोगी असलेले आईवडीलही या यादीत होते.

बाळंतिणींच्या वॉर्डाचा दुवा नोंदींतून आपोआप दिसला नसता, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. रुग्णालयाच्या संगणकात बाळ आणि आई हे दोन वेगळे रुग्ण असतात. दोघांचे क्रमांक वेगळे, वॉर्ड वेगळे, सुट्टीच्या तारखाही वेगळ्या. आई खालच्या मजल्यावरून दर तीन तासांनी दूध घेऊन वर येते, पेटीच्या झरोक्यातून हात घालून बाळाला स्पर्श करते, आणि ही ये-जा कोणत्याही रकान्यात लिहिली जात नाही.

चौसष्ट दिवसांनंतर

यानंतर कक्षाची कसून सफाई झाली. शेवटचे वाहक बाळ कक्षातून बाहेर गेल्याला ६४ दिवस उलटले आणि प्रकरण मिटले असे मानायला सर्व कारणे होती. सिक्वेन्सिंगचे विश्लेषण चालूच होते. अशात कक्षातील एका नव्या बाळाच्या अंगावर एमआरएसए सापडला.

प्रकरणाची दिशा ठरवणारी जागा ही होती. केवळ रूढ पद्धतींवर विसंबून राहायचे असते तर इथे कोणीही समजूतदार माणूस म्हणाला असता की दोन महिन्यांहून अधिक खंड पडला आहे, कक्ष धुऊन काढला आहे, तेव्हा हा बाहेरून आलेला नवा जंतू असावा. तो तर्क चुकीचा म्हणता आला नसता. पण नव्या बाळाचा जंतू तातडीने सिक्वेन्सिंगला गेला आणि निकाल आला की तो त्याच साथीतला आहे.

त्या एका निकालाने तपासाचा प्रश्नच बदलला. 'साथ आहे का' हा प्रश्न संपला आणि 'या ६४ दिवसांत जंतू होता कुठे' हा सुरू झाला. त्याची संभाव्य उत्तरे मोजकीच असतात : न सापडलेला रुग्ण, सफाईतून सुटलेली एखादी वस्तू, किंवा कक्षात सतत वावरणारी व्यक्ती. त्याच वर्षी अमेरिकेत बेथेस्डा येथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या रुग्णालयात कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या क्लेब्सिएला या जंतूची साथ आली. तिच्यात १८ रुग्ण सापडले आणि त्यांपैकी ११ दगावले. पहिली रुग्ण घरी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण उघडकीस आला. तिथेही पोकळी होती, तिथेही सिक्वेन्सिंगने सिद्ध केले की सगळे त्या एकाच रुग्णापासून, तीन स्वतंत्र वाटांनी, सुरू झाले. बेथेस्डाची पोकळी लक्षणे नसलेल्या रुग्णांनी भरून काढली असावी, आणि जंतू सिंकच्या नळीत व सफाई केलेल्या व्हेंटिलेटरवरही मिळाला. केंब्रिजमध्ये सतत बदलणारी बाळे आणि धुऊन काढलेला कक्ष पाहता तिसऱ्या शक्यतेचे पारडे जड होते.

आता कर्मचारी तपासणीचा निर्णय घेण्यात आला. काही महिन्यांपूर्वी जो पर्याय अविचाराचा ठरला असता तोच आता रास्त होता, कारण मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या होत्या : तपासणीला सबळ कारण मिळाले होते, आणि जे सापडेल ते साथीशी जुळते की नाही हे निर्विवाद सांगण्याचे साधन हाताशी होते. निर्दोष वाहकाला निर्दोष ठरवण्याची सोय असल्याशिवाय कर्मचाऱ्यांच्या नाकात स्वॅब घालू नये, असे मला वाटते.

१५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. एका व्यक्तीच्या अंगावर एमआरएसए मिळाला. ती व्यक्ती कोण आणि कोणत्या कामावर होती याला या लेखनात जागा नाही.

इथे प्रयोगशाळेने एक बारकावा पाळला. ब्लड अगारच्या, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी रक्त मिसळून केलेल्या खाद्याच्या, तांबड्या प्लेटवर एका स्वॅबमधून टाचणीच्या डोक्याएवढ्या, सोनेरी झाक असलेल्या जंतूंच्या डझनावारी वसाहती उगवतात. त्या डोळ्यांना हुबेहूब सारख्या दिसतात आणि रिवाज असा की तारेच्या लूपने त्यांतली एक उचलायची व पुढच्या चाचण्यांना लावायची. या वेळी एकाच व्यक्तीच्या वीस वसाहतींचे स्वतंत्रपणे सिक्वेन्सिंग करण्यात आले. जंतू एखाद्याच्या नाकात महिनोन्महिने राहिला असेल तर तो तिथे पसरतो, त्याच्या शाखा फुटतात, आणि त्या नाकातला प्रत्येक जंतू दुसऱ्याची तंतोतंत नक्कल राहत नाही. एकच वसाहत उचलली असती तर त्यांतली एकच शाखा दिसली असती आणि साथीशी असलेले नाते अर्धवट कळले असते. वीस वसाहतींमुळे त्या व्यक्तीच्या अंगावरील जंतूंचा गोतावळा दिसला आणि तो साथीच्या वृक्षात कुठे बसतो ते कळले.

निष्पत्ती

कक्षात एकही ज्ञात वाहक नसताना आणि कसून सफाई झाल्यावरही साथ टिकून राहिली ती या कर्मचाऱ्याच्या अंगावरील वास्तव्यामुळे, असा निष्कर्ष संशोधकांनी मांडला. त्या व्यक्तीला जंतू घालवण्याचे उपचार देण्यात आले. अशा उपचारांत सहसा नाकात मुपिरोसिन या प्रतिजैविकाचे मलम आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अंघोळ असते. खर्च किरकोळ, अवधी काही दिवसांचा.

निष्कर्षाचे शब्द नीट वाचायला हवेत. साथ 'टिकली' त्या व्यक्तीमुळे. 'सुरू झाली' त्या व्यक्तीमुळे, असा त्याचा अर्थ नाही. कर्मचाऱ्याकडून बाळाला जंतू गेला की एखाद्या बाळाकडून आधी कर्मचाऱ्याला मिळाला, याचा निवाडा वंशवृक्ष एकटा करू शकत नाही. नवजात कक्षातील माणूस दिवसभर वाहक बाळांना अंघोळ घालतो, त्यांची दुपटी बदलतो, नळ्या जागेवर आहेत ना ते पाहतो. जंतू त्याला त्या कामातूनच मिळाला असण्याची शक्यता पुरेपूर असते. व्यवसायातून मिळालेला वाहकपणा हा अपराध समजून त्याची चर्चा होऊ लागली, तर पुढच्या वेळी १५४ कर्मचारी स्वॅबला राजी होणार नाहीत.

काय वेगळे करता आले असते

उशीर हा पहिला मुद्दा. सिक्वेन्सिंग सुरू झाले तोवर बारा बाळे वाहक झाली होती. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाळाचा जंतू लगेच वाचला असता तर कक्षातील साथ तेव्हाच ओळखू आली असती. २०११ मध्ये ही अपेक्षा फाजील होती. आज एखाद्या मोठ्या नवजात कक्षाने ती ठेवली तर ती वाजवी आहे, अर्थात नमुना पाठवल्यापासून निकाल परत येईपर्यंत आठवडा-दीड आठवड्याहून जास्त काळ जात नसेल तरच. दोन महिन्यांनी आलेला सुंदर वंशवृक्ष वार्षिक परिषदेच्या पोस्टरवर शोभतो, वॉर्डात त्याचा उपयोग नसतो.

कर्मचारी तपासणी कोणत्या अटींवर करायची, हे साथ येण्याआधी लिहून ठेवायला हवे. कोणते कारण पुरेसे मानायचे, निकाल कोणाला कळणार, उपचारांच्या दिवसांचा पगार कसा धरायचा, हे प्रश्न ऐन गडबडीत सोडवायला घेतले की उत्तरे भीतीपोटी दिली जातात. या प्रकरणात १५४ जणांची तपासणी पार पडली, पण ती पार पडण्यात जिनोमइतकाच वाटा पथकाने आधी दाखवलेल्या संयमाचा असावा असे मला वाटते.

आईची तपासणी बाळाच्या तपासणीला जोडलेली असती तर बाळंतिणींच्या वॉर्डातील प्रसार लवकर उघड झाला असता. त्यासाठी यंत्र लागत नाही. आई व बाळाचे क्रमांक एकमेकांशी बांधणारा एक रकाना लागतो.

शेवटचा मुद्दा २६ या आकड्याचा. रुग्णालयातून आणि बाहेरून जास्तीचे जंतू निवडताना चाळणी म्हणून वापरला तो अँटिबायोग्रामच, म्हणजे जो कमकुवत पुरावा म्हणून सिक्वेन्सिंगकडे वळावे लागले तोच. त्या वेळी दुसरी चाळणी नव्हती, आणि त्या प्रयोगशाळेतला प्रत्येक एमआरएसए वाचणे खर्चात बसले नसते. पण एखाद्या आईच्या गळवातल्या जंतूने प्लास्मिड गमावला असेल, किंवा तिच्या फॅमिली डॉक्टरांनी गळू फोडून पू तपासणीला न पाठवताच औषध दिले असेल, तर ती या २६ जणांत नाही.